पाय ठेवायचा चौरंग

साडीच्या दुकानात गादीवर बसून साड्या दाखवण्यात एक सुख असतं. काउंटरमागे उभ्या राहणाऱ्यांना ते कळायचं नाही. गादीवर सगळेच बसलेले असतात. गिऱ्हाईक बसलेलं, विकणारा बसलेला, आणि 'मी आपली उभीच बरी' म्हणणारी सासूही शेवटी भिंतीला टेकून बसलेली. एकदा मांडी घातली की कोणाचे पाय किती लांब, ही चौकशीच बंद होते.

माझे आखूड आहेत. हातही आखूड. धड मात्र चारचौघींसारखं. मी बुटकी आहे, म्हणजे 'जरा ठेंगणीच आहे हो' अशी नाही, तर सरकारी दवाखान्यातून सर्टिफिकेट मिळतं तशी. उभी राहिले की दुसरीतल्या मुलीएवढी, आणि वर डोकं पन्नाशीला टेकलेल्या बाईचं. जिभेबद्दल मी स्वतः काही बोलत नाही. ते काम आमची आई करायची. "देवाकडे हिच्या उंचीतलं जे उरलं, ते त्याने सगळं जिभेत भरलं," असं ती येईल त्या पाहुण्याला सांगायची.

डोंबिवली पूर्वेच्या त्या दुकानात मी लागले ती फोन घ्यायला. एका लग्नसराईत गर्दी इतकी झाली की दाखवायला माणसं पुरेनात, तेव्हा मोठे शेठ म्हणाले, "बस गं तिथे गादीवर, चार साड्या दाखव तोवर." मी बसले ती संध्याकाळपर्यंत उठले नाही. साडी हाताने उलगडायची असते असं लोकांना वाटतं. ती मनगटाने फेकायची असते. एक टोक बोटांत धरायचं आणि बाकीची घडी अशी सोडायची की पदर गिऱ्हाइकाच्या मांडीवर जाऊन पडावा. बाईच्या मांडीवर पदर पडला की तिचा हात आपोआप त्याच्यावरून फिरतो, आणि हात फिरला की निम्मं काम झालं. माझे हात आखूड, म्हणून मला हे लवकर शिकावं लागलं. बाकीच्यांना अजून नीट जमत नाही.

गंमत असायची ती खरेदी संपल्यावर. तासभर माझ्याशी गप्पा मारलेली बाई पिशवी घेऊन उठायची, तिला दारापर्यंत पोचवायला मीही उठायचे, आणि ती "अगंबाई!" म्हणून थबकायची. मग ठरलेलं वाक्य: मूर्ती लहान पण कीर्ती महान. हे वाक्य ऐकवणारं गिऱ्हाईक पुन्हा आलं की मी महागातली थप्पी आधी काढते. मला बुटकी म्हणा, ठेंगू म्हणा, माझं काही म्हणणं नाही. बिचारी म्हणालात तर मात्र साडीतला दोषसुद्धा दाखवणार नाही.

अशी वर्षं मजेत चालली होती. मग छोट्या शेठनी दुकान नवं करायला काढलं.

छोटे शेठ म्हणजे मोठ्या शेठचे चिरंजीव. मनाने चांगला माणूस, पण ठाण्याच्या मॉलमध्ये एक चक्कर मारून आला की त्याला आमचं दुकान जुनाट दिसायला लागायचं. त्या दिवाळीनंतर त्यांनी गादी काढली. खाली चकचकीत फरशी आली, काचेचे उंच काउंटर आले, गिऱ्हाइकांना बसायला उंच गोल खुर्च्या आल्या. छतात इतके दिवे लावले की मोतिया रंग कुठला आणि पांढरा कुठला हे आमचं आम्हालाच ओळखू येईना. पहिल्या दिवशी मी हौसेने नवी साडी नेसून काउंटरमागे जाऊन उभी राहिले. समोरच्या आरशात पाहिलं तर काउंटरच्या वर माझं कपाळ दिसत होतं आणि त्यावर टिकली. बाकी मी काचेच्या आत, कांजीवरमच्या शेजारी.

एक बाई आली आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "कोणी आहे का इथे?"

"आहे ना," मी म्हणाले. "खाली बघा."

तिच्या हातातली पर्सच पडली.

मग मी प्लास्टिकचं स्टूल आणलं. त्यावर चढून नेहमीसारखी साडी फेकली, आणि साडीच्या मागोमाग मीही निघाले. शेजारी आमचे काका होते, दुकानातले सगळ्यात जुने सेल्समन, म्हणून वाचले. त्यांनी मला अलगद झेललं आणि खाली उभं करून म्हणाले, "आता तुला पण घडी घालून ठेवू का?" सगळे हसले, मीही हसले. छोटे शेठ मात्र हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"ताई, तुम्ही पडला असतात तर? माझी तर फाटली ना! तुम्ही असं करा, वर फॉल-बिडिंगला बसा. खुर्ची, पंखा, काय टेन्शन नाय. पगार तोच."

हे त्यांनी इतक्या प्रेमाने सांगितलं की मला नीट रागावताही येईना. पण मी रागावलेच. "शेठ, मला फॉल लावता येत नाही. मला साडी विकता येते. पगार तोच देताय, पण काम काढून घेताय."

"काढून कुठे घेतोय? आराम देतोय."

"मला आराम नको, मला उंची द्या!" मी ओरडले, आणि मग माझं मलाच हसू आलं. हसायची वेळ नव्हती खरं तर. मार्गशीर्षात एक मोठा बस्ता यायचा होता. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी, नवरीच्या शालूपासून आत्येसासूच्या मानाच्या साडीपर्यंत, घरातल्या सगळ्या बायका एकत्र बसून एका दिवसात करायची. खाडीकडच्या गावातलं आगरी कुटुंब होतं. त्यांच्याकडे हळदीलाच निम्मं गाव येतं आणि प्रत्येक घरच्या बायकांना एका रंगाच्या साड्या लागतात. थोरल्या नातीचा बस्ता मी दाखवला होता, आणि जाताना त्यांच्या आजी सांगून गेल्या होत्या की धाकटीचाही तुझ्याच हातून. फॉलच्या खोलीत बसून तो बस्ता मी काय खिडकीतून दाखवणार होते? तो दुसऱ्याने दाखवला की मी दुकानात असून नसल्यासारखीच, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाजारात विकणाऱ्या माणसाची आठवण फार दिवस टिकत नाही.

तरीही मी वर जाऊन बसले. करणार काय? वरची खोली म्हणजे पोटमाळाच होता, कठड्याजवळ बसलं की खालचं सगळं दुकान दिसायचं. माझ्या डोळ्यांदेखत काका सेमी पैठणीला पैठणी म्हणून खपवत होते आणि मी फॉलचे रंग लावून ठेवत होते.

तिथेच मला वकीलबाई भेटल्या. त्या ठाण्याच्या कोर्टात जायच्या. पांढऱ्या साड्या, बारीक काळा काठ, हे त्यांचं ठरलेलं, आणि त्या माझ्याकडूनच घ्यायच्या. त्या दिवशी खाली मी दिसले नाही म्हणून त्यांनी घाईघाईत काहीतरी घेतलं आणि फॉल लावायला वर आल्या. मला बघून त्यांनी कारण विचारलं. मी गाऱ्हाणं नाही, चांगलं तिखटमीठ लावून आख्यानच सांगितलं. पदर-फेकीपर्यंत आल्यावर त्या पोट धरून हसल्या, आणि मग एकदम कोर्टातल्यासारख्या झाल्या.

"तुमच्याकडे सर्टिफिकेट आहे ना? मग ऐका. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे. बुटकेपणा त्याच्या यादीत आहे. तुमच्या दुकानात माणसं किती?"

"शिंपी धरून वीसच्या वर असतील."

"मग दुकानाला समान संधीचं लेखी धोरण करावं लागतं. तुम्हाला तुमचं काम नीट करता यावं म्हणून काय सोय करणार, ते त्यात यायला हवं. आणि ते सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लावायचं. वाजवी सोय म्हणतात त्याला. मालकाच्या डोक्यावर डोंगर ठेवायचा नाही, पण जेवढं सहज होण्यासारखं आहे तेवढं करायचं. तुम्ही दया मागत नाही आहात."

"उभं राहायच्या एवढ्याशा फळीसाठी कायदा?"

"फळीसाठी नाही हो. तुमच्यासाठी." मग चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "एक मात्र करा. काय हवं ते तुम्ही स्वतः सांगा. दुसऱ्याला ठरवू दिलंत की घोळ होतो."

हे शेवटचं वाक्य मी नीट कानात साठवलं, पण घोळ व्हायचा तो झालाच.

मी छोट्या शेठना जाऊन सांगितलं. उभं राहायला काहीतरी पक्कं करून द्या, असा असा कायदा आहे. त्यांनी लगेच आपल्या सीएला फोन लावला. सीएने काय सांगितलं देव जाणे, पण फोन ठेवल्यावर छोट्या शेठच्या अंगात वारं शिरलं. "ताई, तुम्ही आधी का नाय बोललात? एक नंबर करून देतो. तुम्ही आता काय बोलूच नका."

त्यांनी खरंच मला काही बोलू दिलं नाही. मी मापं सांगायला गेले की "सरप्राइज आहे ताई."

आधी धोरण आलं. छान छापून, सोनेरी चौकटीत. 'दर्शनी भागात' असं सीएने सांगितलेलं, आणि आमच्या दुकानात सगळ्यात दर्शनी भाग म्हणजे गल्ल्याच्या वर, देवांच्या तसबिरींची रांग. छोट्या शेठनी ते तिथे गणपती आणि आपल्या आजोबांच्या मधोमध लावलं. सकाळी हार घालणारा माणूस आला, त्याने रांगेने सगळ्यांना हार घातले, तसा धोरणालाही घातला. उदबत्तीही ओवाळली. माझ्यासाठी केलेला तो कागद माझ्या डोक्यापासून इतका उंच होता की मला फक्त झेंडूची फुलं दिसत होती.

"कोणीतरी वाचून तरी दाखवा," मी म्हणाले. "मेलं असेल तर निदान काय झालं होतं ते कळू दे."

काकांनी मान वर करून खड्या आवाजात सगळं वाचून दाखवलं. चांगलं लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू?

मग सोय आली. छोट्या शेठनी कल्याणच्या सुताराला काम दिलं होतं. त्यांच्या घरचा देव्हारा त्याच्या बापाने केलेला, म्हणून विश्वासाचा माणूस. त्याला अगदी बरोबर सांगितलं होतं की ताईंना उभं राहायला मजबूत काहीतरी कर. पण तो पिढीजात चौरंग, देव्हारे आणि पाळणे करणारा. उभं राहायचं असं काही त्याने जन्मात केलं नव्हतं. जे येत होतं ते त्याने जीव ओतून केलं. लाल कापडात गुंडाळलेली वस्तू रिक्षातून उतरली, कापड निघालं आणि दुकानभर "वा!" झालं. सागवानी चौरंग. कातीव पाय, कोपऱ्यांना पितळी पत्रा, चारी बाजूंनी मोर, आणि वर मधोमध कोरलेलं कमळ. दोघी मुलींनी न बोलता चपला काढल्या. एकीने हात लावून तो कपाळाला लावला.

"चला ताई," छोटे शेठ मोबाइल सरसावून म्हणाले. "चढा. फोटो काढू."

मी पाय उचलला.

"अगं अगं, पाय!" काका ओरडले. त्यांच्या तोंडून सवयीने निघालं ते.

पण त्यांनी ओरडायची गरज नव्हती. माझाच पाय हवेत थांबला होता. कायदा आठवत होता, वकीलबाई आठवत होत्या, हक्क आठवत होता, आणि पाय काही खाली येईना. लहानपणी पाटीला पाय लागला तरी आई नमस्कार करायला लावायची. ज्यावर सत्यनारायण मांडायचा त्या कमळावर मी टाचा रोवून उभी राहू? मी पाय मागे घेतला आणि सवयीने वाकून चौरंगाला हात लावून नमस्कार केला. सगळ्या दुकानाचा जीव भांड्यात पडला.

पुढच्याच गुरुवारी दुकानातल्या मुलींनी त्यावर मार्गशीर्षाचा घट मांडला. शुक्रवारी घट उठला, पण चौरंग एवढा शोभून दिसत होता की मोठ्या शेठनी दाराजवळ त्यावर लक्ष्मीची तसबीर ठेवली. समई आली, फुलं आली. छोटे शेठ मला म्हणाले, "ताई, कायद्याप्रमाणे सोय तर केली ना मी?"

"केलीत," मी म्हणाले. "पण देवीची. ती आधीच उंच होती."

त्यांचा चेहरा इतका पडला की मला दया आली. त्यांनी खरोखर मनापासून केलं होतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी स्वतःच कल्याणला सुताराकडे गेले. तो आधी रुसला. "बाई, तो चौरंग बघायला लोक दुकानात येतात."

"तेच तर. चौरंग बघतात, मग साडी कोण बघणार?" मी त्याच्या भुशात उभी राहिले. "घ्या माप. टाचेपासून कोपरापर्यंत. कोपर काउंटरच्या वर आलं पाहिजे. काउंटर असेल तेवढी लांब फळी, म्हणजे मला फिरता येईल. दोन्ही बाजूंना पायरी. वर रबर, घसरायला नको. आणि कमळ नको."

"बारीकसं फूल?"

"नको."

"मोर?"

"मोर उडवून लावा."

त्याने माप घेतलं. फळी दत्तजयंतीनंतर देतो म्हणाला, आणि दिलीही. आज काउंटरमागे आहे ती. कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही अशा जागी, एक बारीक मोरपीस कोरलेलं आहेच. मी त्याला काही बोलले नाही. कारागिराची खाज असते, ती अशी जात नाही.

पण बस्ता दत्तजयंतीच्या आधीच आला.

रविवार होता. एक टेम्पो आणि मागून दोन रिक्षा भरून बायका उतरल्या. गळ्यात सोनं, तोंडाने अखंड बोलणं, आणि सगळ्यांच्या पुढे आजी. काष्ट्याचं लुगडं, काठी टेकत, पण चाल अशी की दुकान त्यांच्या मालकीचं. मी वर कठड्याशी फॉल मोजत बसले होते. हातातलं काम तसंच राहिलं.

आजींनी काउंटरवर काठी आपटली. "ती बारकी बाय कुठं हाय? मना तीच पायजे."

"आजी, त्या आता वर असतात," छोटे शेठ नम्रपणे म्हणाले. "हे काका आहेत, एकदम अनुभवी, दाखवतील ना तुम्हाला."

काका पुढे झाले. त्यांनी थप्पी उचलली. ती थप्पी सेमी पैठण्यांची होती. वरून ओरडले असते तरी चाललं असतं, पण मी ओरडले नाही. जिना उतरायला लागले. आमचा जिना अरुंद, पायऱ्या उंच, मला एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवावे लागतात. घाईत उतरले, धापा टाकत काउंटरमागे पोचले आणि उभी राहिले. म्हणजे माझं कपाळ उभं राहिलं.

"आली का? कुठं हाय?" आजी विचारत होत्या.

समोर चौरंग होता. दाराजवळ, लक्ष्मी वर बसलेली, समई तेवत असलेली. मी चालत तिथे गेले आणि हात जोडले. मोठ्याने म्हणाले, कारण हळू बोलायची मला सवय नाही, "आई, जरा बाजूला हो. गिऱ्हाईक आलंय. तुझंच काम आहे."

गल्ल्यावर मोठे शेठ बसले होते. त्यांच्याकडे बघायचं धाडस मला होईना. ते उठले, सावकाश आले, लक्ष्मीची तसबीर दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली आणि गल्ल्यावर नेऊन ठेवली. समई त्यांच्या मागोमाग मीच नेली. मोठे शेठ परत जाऊन बसले आणि चष्मा लावून बिलं बघायला लागले.

काकांनी चौरंग उचलून काउंटरमागे आणला. पुढे पायरी म्हणून एक पाट ठेवला. मी चपला काढल्या. वाकून चौरंगाला नमस्कार केला. पहिलवान आखाड्याच्या मातीला करतात तसा, मागे हटायला नाही, आत शिरायला. पाटावर पाय, मग कमळावर पाय. दोन्ही.

"अगं..." काकांच्या तोंडून पुन्हा निघालंच.

आजी काठीवर रेलून सगळं बघत होत्या. काकांवर त्यांनी असा डोळा टाकला की ते दोन पावलं मागे सरले. "हलदीला नवरीला बसवताव ती चौरंगावच नं? तिचे पाय काय आमी वर टांगून ठेवताव? दाखव गो बाय तू. पहिले पिवली दाखव."

आजी उंच खुर्चीवर बसल्या, बायका खळखळून हसल्या, आणि दुकानाला वाचा फुटली.

काय सांगू! काउंटरच्या वर मी कंबरेपर्यंत होते. आयुष्यात उभं राहून मी कोणाच्या नाकासमोर आले नव्हते. काकांना मधोमध टक्कल पडलंय हे मला त्या दिवशी कळलं. वरच्या फळीवर धूळ किती आहे तेही दिसलं, आणि कोणी पुसत नाही हेही. मी पहिली पिवळी साडी उचलली, टोक धरलं आणि सोडली. उंचावरून टाकलेली साडी कशी जाते ते मला ठाऊकच नव्हतं. ती काचेवरून सरसर धावली, पलीकडे उतरली आणि पदर थेट आजींच्या मांडीवर. आजींचा हात त्यावरून फिरला.

मग मी थांबले नाही. हळदीच्या पिवळ्या, काकवांच्या हिरव्या, मावश्यांच्या मोरपिशी, करवल्यांना झगमगीत, मानाच्या साड्या वेगळ्या. एक आत्या तोंड वाकडं करून बसली होती, तिला मुद्दाम सगळ्यात आधी विचारलं, मग तिने बाकीच्या दहाजणींना गप्प केलं. छोटे शेठ मला घड्या आणून देत होते. मला! दुपारी त्यांनी स्वतः उसाचा रस मागवला आणि पहिला पेला माझ्यासमोर ठेवला. "ताई," ते हळूच म्हणाले, "हा चौरंग तुमचाच. देवीला मी दुसरा करून घेतो." मी रस एका घोटात संपवला. घसा सुकला होता. खरं सांगते, मला रडायला येत होतं आणि मी इतकी खूश होते की रडायला वेळ नव्हता.

शेवटी शालू. नवरी लाजत पुढे आली, मी शालू तिच्या खांद्यावर टाकला आणि तिच्या आईने डोळ्याला पदर लावला. म्हणजे हाच. त्यांच्यात बस्ता पुरा झाला की घरची मोठी बाई शालूला हळदकुंकू लावते, आणि मग बांधून देणाऱ्याला. आजींनी कनवटीचा करंडा काढला. शालूला बोट लावलं. मग काउंटरच्या कडेला धरून उठल्या आणि माझ्याकडे वळल्या. टाचा उंचावल्या, हात वर केला, आणखी वर केला. बोट काउंटर ओलांडून माझ्या गळ्यापर्यंतही येईना.

"वाक गो बाय जरा," त्या म्हणाल्या. "माजा हात नाय पोचत."

वर चढ, सरक, बस, जपून, असं मला सगळे सगळं सांगत आले होते. वाक असं आजपर्यंत कोणी म्हणालं नव्हतं. मला क्षणभर कळेच ना की काय करायचं असतं. मग दोन्ही हात काचेवर टेकून मी वाकले. कुंकू जास्तच लागलं, थोडं नाकावर सांडलं, आणि दुकान बंद होईपर्यंत मी ते पुसलं नाही.